दूरच्या शाखेत रिफर्बिश्ड सर्व्हर: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्यांना धरून आहे, म्हणून दोन ओळींत आटोपत नाही. छोट्या व्यवसायाने दूरच्या शाखेसाठी रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला) सर्व्हर घ्यायला हरकत नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: जिथे आयटीचा एकही माणूस बसत नाही तिथे दुसऱ्याने राबवून काढून टाकलेलं यंत्र ठेवणं हा बेजबाबदारपणा आहे. नव्या सर्व्हरला तीन वर्षांची वॉरंटी मिळते, याला जेमतेम तीन महिन्यांची. जुन्या डिस्क कधी दगा देतील याचा नेम नाही, फर्मवेअरमधल्या (यंत्राच्या भागांत बसवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या) त्रुटींना वाली नाही आणि वाचलेले पैसे वीजबिलात जातात. शेवटी तुम्ही विचारलंय की डिस्कसकट मिळत असलेले एचपीईचे दोन प्रोलायंट डीएल३८० जेन९ सर्व्हर घ्यावेत का.

आपला खरा मतभेद वॉरंटीवर आहे, म्हणून आधी तेच. ‘नेक्स्ट बिझनेस डे’ ही नव्या सर्व्हरसोबत मिळणारी नेहमीची हमी. ती प्रत्यक्षात कशी चालते ते बघा. तुम्ही तक्रार नोंदवता, फोनवर निदान सुरू होतं, लॉग मागवले जातात, कधी रॅमच्या पट्ट्या अदलाबदल करून बघायला सांगतात. भाग बदलायचं पक्कं झालं की मग पुढच्या कामाच्या दिवसाचा हिशेब लागतो. शुक्रवारी संध्याकाळी मदरबोर्ड गेला तर सोमवार उजाडतो, आणि शाखा आडवळणाला असेल तर कधीकधी मंगळवारही. तोवर तिथल्या लोकांनी बिलं कशी करायची? वॉरंटीत तुम्हाला भाग फुकट मिळतो, बंद पडलेला वेळ भरून मिळत नाही. छोट्या शाखेचं नुकसान मात्र त्या वेळातच होतं.

म्हणून माझा सल्ला एका जुन्या यंत्राचा कधीच नव्हता. एकसारखी दोन यंत्रं घ्या, हे मी लेखातही लिहिलंय. नव्या एका सर्व्हरच्या पैशांत ती बहुतेकदा बसतात. गाडीला स्टेपनी असते तसं दुसरं यंत्र तिथेच, त्याच रॅकमध्ये, चालू अवस्थेत ठेवायचं. हायपर-व्ही (एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं चालवणारी विंडोजची सोय) वापरत असाल तर तिची ‘रेप्लिका’ दर ३० सेकंदांनी, ५ मिनिटांनी किंवा १५ मिनिटांनी बदल दुसऱ्या यंत्रावर पाठवते. पहिलं बंद पडलं की दुसऱ्यावरून काम सुरू करायचं आणि मग सवडीने भाग शोधायचा. पॉवर सप्लाय, पंखे, रॅम, रायझर सगळं एकाचं दुसऱ्याला चालतं. दुसऱ्या यंत्रावरच्या विंडोजलाही लायसन्स लागतं, ते हिशेबात धरा. आणि दोन्ही यंत्रं एकाच खोलीत असल्याने आग किंवा चोरीपासून संरक्षण मिळत नाही, त्यामुळे बॅकअप शाखेबाहेर हवाच.

‘तिथे माणूस नाही’ हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण नव्या सर्व्हरलाही तो तितकाच लागू आहे. मध्यरात्री अपडेटनंतर सर्व्हर उठला नाही, तर स्क्रीनवर काय दिसतंय हे तुम्हाला घरबसल्या दिसायला हवं. डेलमध्ये त्यासाठी आयड्रॅक आहे आणि एचपीईमध्ये आयएलओ. सर्व्हर बंद असतानाही हे छोटं स्वतंत्र नियंत्रक चालू असतं. त्यातून सर्व्हर चालू-बंद करता येतो, बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाता येतं, लांबून आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) जोडून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकता येते. मेख अशी की हे सगळं करण्यासाठी वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं. रॅक सर्व्हरच्या आयड्रॅकमध्ये व्हर्च्युअल कन्सोल (लांबून स्क्रीन बघण्याची सोय) हवा तर ‘एंटरप्राइज’ पाहिजे. आयएलओचं साधं लायसन्स असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंतच स्क्रीन दिसते, पुढे ‘अॅडव्हान्स्ड’ लागतं. विक्रेत्याच्या यादीत प्रोसेसर आणि रॅम ठळक लिहिलेले असतात, हे लायसन्स मात्र क्वचितच. दूरच्या शाखेसाठी घेताना पहिला प्रश्न याचाच विचारा. प्रोसेसरचे दोन कोअर (गणन करणारे भाग) कमी चालतील, कन्सोल नसेल तर चालणार नाही.

याच नियंत्रकामुळे तुमचा सुरक्षेचा आक्षेप खरा ठरतो, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. आयएलओ ४ मध्ये २०१७ साली जी त्रुटी उघड झाली (सीव्हीई-२०१७-१२५४२) तिच्यात एका वेब विनंतीच्या हेडरमध्ये २९ वेळा ‘ए’ हे अक्षर पाठवलं की पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. २.५३ आवृत्तीत ती बंद झाली. पण ज्या यंत्राचं फर्मवेअर कुणी हलवलंच नाही त्यात ती आजही उघडी आहे. आयपीएमआय २.० (सर्व्हर लांबून सांभाळण्याची प्रमाणित पद्धत) ची अडचण वेगळी आहे: पासवर्ड तपासण्याआधीच ते समोरच्याला पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधता येतो असं सांकेतिक रूप) देऊन टाकतं, आणि हा दोष मूळ रचनेतलाच असल्याने अपडेटने जात नाही. त्यामुळे जुनं यंत्र हातात आलं की नियंत्रक फॅक्टरी रीसेट करा, फर्मवेअर शेवटच्या आवृत्तीला न्या, लॅनवरचं आयपीएमआय बंद करा, आणि नियंत्रकाचा पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) व्हीपीएनच्या आड ठेवा. थेट इंटरनेटवर तो कधीही उघडा ठेवू नका. जुन्या आयड्रॅकचा ‘रूट’ आणि ‘कॅल्विन’ हा मूळ पासवर्ड तर जगजाहीर आहे.

फर्मवेअर मिळेल कुठून, हा खरेदीआधीचा प्रश्न. डेलचं सर्व्हर फर्मवेअर संकेतस्थळावरून कुणालाही उतरवता येतं. एचपीने (एचपीईची तेव्हाची मूळ कंपनी) फेब्रुवारी २०१४ पासून प्रोलायंटचं बायोससारखं फर्मवेअर वॉरंटी किंवा सपोर्ट करार असलेल्यांपुरतं मर्यादित केलं. सुरक्षेचे काही अपडेट खुले असतात, सगळे नसतात. माझा कल डेलकडे झुकतो त्याचं मोठं कारण हेच आहे.

आता डिस्क. इथे मी तुमच्याहून कडक आहे: यंत्र जुनं घ्या, डिस्क नव्या घ्या. जुनी डिस्क केवळ झिजलेली असते एवढंच नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही सॅस एसएसडींबद्दल (सर्व्हरमधल्या वेगवान डिस्कबद्दल) इशारा दिला होता. ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, त्या कायमच्या बंद पडत आणि माहितीही परत मिळत नसे. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलबद्दल तसाच इशारा आला, तिथे आकडा ४०,००० तासांचा होता. दोन्ही वेळा फर्मवेअर हाच उपाय होता. आता रेडचा (एखादी डिस्क गेली तरी माहिती टिकवणाऱ्या अनेक डिस्कच्या मांडणीचा) विचार करा. एकाच दिवशी बसवलेल्या चार डिस्कचे तास सारखेच भरतात, म्हणजे चारही जवळजवळ एकाच वेळी जाणार. अशा वेळी रेडचा काही उपयोग नाही. ही डिस्क दुसऱ्याकडे किती तास चालली आणि तिला ते फर्मवेअर मिळालं का, हे तुम्ही विक्रेत्याच्या भरवशावर सोडणार का?

तासांचा आकडाही डोळे मिटून धरू नका. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क ‘स्मार्ट’मधले (डिस्क स्वतः ठेवते त्या वापराच्या नोंदींमधले) आकडे शून्य करून नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं उघड झाली. ती पकडली गेली डिस्कमधल्याच ‘फार्म’ या वेगळ्या नोंदींमुळे. स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमच्या ७.४ आवृत्तीपासून त्या वाचता येतात.

यंत्र आल्यावर ते थेट शाखेत पाठवू नका, आधी आपल्या टेबलावर ठेवा. झाकण उघडून धूळ, रॅमचे खाचे आणि पंखे बघा. सीएमओएसची (बायोसची सेटिंग जपणारी) सीआर२०३२ बॅटरी बदलून टाका, ती स्वस्त आहे आणि शाखेत गेल्यावर संपली तर फुकटचा मनस्ताप. मग हार्डवेअरचा लॉग वाचा, आणि तो पुसण्याआधी वाचा. एखाद्या रॅमच्या खाचेवर ‘करेक्टेबल’ त्रुटी वारंवार दिसत असतील तर ती पट्टी ईसीसीच्या (रॅममधल्या चुका आपोआप सुधारणाऱ्या सोयीच्या) जिवावर तग धरून आहे, ती परत करा. रेड कंट्रोलरच्या बॅटरीची तब्येत बघा. ती गेली की कंट्रोलर राइट-कॅश (लिहायची माहिती आधी जलद मेमरीत घेणं) थांबवतो, यंत्र बंद पडत नाही पण लिहिण्याचा वेग कोसळतो, आणि शाखेतून ‘सर्व्हर स्लो झालाय’ एवढाच फोन येतो. त्यानंतर आठवडाभर पूर्ण भार देऊन चालवा. चालू असताना एक पॉवर केबल उपटा, मग एक डिस्क ओढून काढा आणि रीबिल्ड पूर्ण होऊ द्या. विक्रेत्याचे तीन महिने याच कामासाठी वापरायचे असतात.

विजेचा मुद्दा आकड्यात सांगतो. सतत १०० वॅट जास्त लागले तर वर्षाच्या ८,७६० तासांत ८७६ युनिट होतात, कूलिंग वेगळं. तुमच्या दराने गुणून बघा. दोन यंत्रं चालू ठेवणाऱ्याने तर नक्कीच बघावं. पण त्याहून मोठा खर्च बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे लायसन्सचा. विंडोज सर्व्हर २०१६ पासून लायसन्स कोअरवर आहे, सर्व्हरमागे किमान १६. स्वस्तात मिळाला म्हणून १४ कोअरचे दोन प्रोसेसर असलेला सर्व्हर घेतला तर २८ कोअरचे पैसे भरावे लागतात, आणि शाखेला आठही पुरले असते. एक प्रोसेसर काढून ठेवा: वीजही वाचते, लायसन्सही १६ वर येतं. फक्त त्या प्रोसेसरकडचे रॅमचे आणि पीसीआयईचे (जोडकार्डांचे) काही खाचे बंद होतात, तेवढं आधी तपासा.

आता तुमच्या दोन जेन९बद्दल. ही २०१४ साली आलेली पिढी आहे, त्यामुळे ‘स्वस्त आहे’ एवढ्यावर घेऊ नका. डिस्क वगळून भाव मागा. दोन्हींना आयएलओ अॅडव्हान्स्ड आहे का आणि आयएलओ ४ ची आवृत्ती कोणती, याचे स्क्रीनशॉट मागा. बायोसचं ताजं फर्मवेअर विक्रेता स्वतः टाकून देणार का, हे लेखी घ्या, कारण नंतर ते तुम्हाला सहज मिळणार नाही. विंडोज सर्व्हर २०१६ टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा, त्याचा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतो. २०१९ चा ९ जानेवारी २०२९ पर्यंत आहे. आणि तुमचं अकाउंटिंग किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर ठराविक हार्डवेअरवरच सपोर्ट देत असेल, तर त्या कंपनीला आधी विचारा. तिथून नकार आला तर ही दोन्ही यंत्रं सोडून द्या. फर्मवेअरचं लेखी मिळत नसेल तर थोडे जास्त पैसे घालून २०१७ साली आलेल्या पिढीतले डेलचे दोन पॉवरएज आर७४० बघा. तुमच्या जागी मी आधी तेच शोधले असते.