अनवाणी ठीक, पण मे महिन्यात?
लहान मुलांच्या बुटांवरच्या लेखातलं "बाळाला जमेल तितकं अनवाणी चालू द्या" हे घरातल्या फरशीपुरतं पटलं, पण आमच्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, दुपारी अंगणातल्या शहाबादीवर मोठ्यांचा पाय टेकत नाही तिथे दीड वर्षाच्या पोराचं काय, त्यावर लेखात एक ओळ नाही!

दुकानदार हमखास तो पी-पी वाजणारा जाड बूट पुढे करतो (आजीलाही तोच हवा असतो 😄), पण हातात धरून वाकवून बघा, पंजापाशी दुमडतच नाही. आम्ही मऊ सोलची वेल्क्रोवाली कापडी जोडी घेतली, तीही संध्याकाळी पोराला उभं करून, पुढे बोटाच्या रुंदीइतकी जागा ठेवून. अन् वाढतं माप म्हणून दोन नंबर मोठे तर अजिबात नको, टाच निसटते.