घरामागचं रान आणि सोलंगचा तो पोरगा

आज डब्याच्या वेळेला ऑफिसात एका मित्राने मनालीचे फोटो दाखवले. एकशे बारा फोटो, आकडा त्याचाच. बर्फात बायको, बर्फात मुलगी, बर्फात मॅगी, परत बर्फात बायको. चांगले होते फोटो, नाही कशाला म्हणू. पण शेवटी मोबाईल खिशात घालताना आमच्या गोव्याच्या कोकणीत म्हणतो, "तुजें तें घरा फाटलें रान सोड मरे, एक फावट बर्फ पळोवन यो." म्हणजे तुझं ते घरामागचं रान सोड, एकदा बर्फ बघून ये. आणि टेबलावरचे सगळे हसले. तेव्हा तोंडात घास होता म्हणून गप्प बसलो. आता जेवण झालंय, बोटाला पट्टी आहे (कशाची ते सांगतो पुढे), तरी टाइप करणार.

तर बाबांनो, मी बर्फ बघितलाय. 2019 च्या जानेवारीत. मडगावहून रेल्वे, दिल्लीहून रात्रभर व्होल्वो, घाटात मुलगा दोनदा ओकला, मग मनालीहून पुढे तेरा-चौदा किलोमीटर सोलंग. वाटेत तो अंगभर डगला भाड्याने घ्यावा लागतो, माझा पिवळा होता, आधीच्या माणसाच्या घामाच्या वासासकट. पायात लोखंडासारखे बूट, त्यांना स्कीइंगच्या त्या लांब पट्ट्या, हातात काठ्या. आणि उतार केवढा? आमच्या गावच्या फुटबॉल मैदानापेक्षा लहान, त्यावर घोडे, टायर, मक्याची कणसं आणि अख्खा हिंदुस्थान. गाइड मागून धरतो, ढकलतो, आपण वीस फूट जातो, फोटो, आपण पडतो, परत फोटो. मी सुरतच्या एका काकूंच्या अंगावर जाऊन पडलो, त्या बिचाऱ्या "कंई वांधो नहीं" म्हणाल्या. पंधरा मिनिटं, पंधराशे रुपये, संपलं स्कीइंग.

पण तो गाइड पोरगा. वीस-बावीसचा असेल, गाल उन्हाने करपलेले. माझे बूट सोडवत होता तेव्हा मी सहज विचारलं, तुझी बरी मजा रे, रोज स्कीइंग. तर हसला. "यहाँ तो धंधा है साब. मज़ा लेने हम शाम को गाँव के पीछे जाते हैं, पेड़ों में. अपना जंगल है." आणि हनुवटीने वर देवदारांची काळी रांग दाखवली. तिकडे एक माणूस दिसत नव्हता. आम्ही तीन दिवस धक्के खाऊन ज्या जागेवर आलो तिथे हा मजेसाठी पाय ठेवत नाही! हॉटेलात रात्री दोन रजया घेऊन मी त्या देवदारांचाच विचार करत होतो, बायको म्हणाली झोपा आता.

आणि खोटं नव्हतं त्याचं. 2022 ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकला भारताचा एकच खेळाडू होता, स्कीइंगवाला आरिफ खान, तो काश्मीरमधल्या टंगमर्गचा. गुलमर्ग म्हणजे त्याच्या घरावरचा डोंगर. पॅकेज टूर घेऊन नव्हता गेला तो शिकायला.

आता माझं रान. उगाच म्हादई अभयारण्य डोळ्यापुढे आणू नका, वाघबिघ काही नाही. खाली अर्धं काजूचं, मग थोडी किंदळ, माट्टी, जांभा ही रानझाडं, कडेला कोणीतरी कधीतरी लावलेलं आकेशिया. वर सडा, म्हणजे उघड्या कातळाचा माळ. सड्यावरून समोर खाणीचा डंप दिसतो, 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून तो तसाच लाल बसून आहे. एवढंच. पण डिचोलीहून पाच-सव्वापाचला निघालो, स्कूटर अंगणात लावली, चहा पण न घेता मागच्या दाराने निघालो की सात मिनिटांत मी आत असतो. सात मिनिटं! ह्या दिवसांत काजूचा मोहोर आलेला असतो, संध्याकाळी गारवा पडायला लागला की तो वास खाली उतरतो. किंदळ आत्ता विटकरी झालाय, लांबून वाटतं फुललाय, पण ती फळं असतात. माट्टी आपला राज्यवृक्ष, शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, हात कितीजणांनी लावलाय? साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन. दुसऱ्या वळणावर एक रोयण आहे, कंबरेएवढं वारूळ, पावसात त्याच्या आजूबाजूला अळमी, म्हणजे रानातल्या अळंब्या, येतात. आईने मला ती जागा दाखवली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि पहिलं काय सांगितलं तर कोणाला सांगायचं नाही, दुसरं सगळी काढायची नाहीत. (म्हणून वळणाबद्दल पण मी खोटंच सांगितलंय.) परवा त्याच रोयणीपाशी गव्याचे खूर उमटले होते, ताजे, कडा अजून ओल्या. मी तिथून मुकाट परत फिरलो. घरी सांगितलं नाही, नाहीतर उद्यापासून बंदी.

पावसात जळवा लागतात, नंतर गोचिडी, फुरसं पण आहे. मान्य.

माझा भाचा नॉर्वेत, ऑस्लोला असतो. काल रात्री त्याचा व्हिडिओ आला. ऑफिस सुटल्यावर मेट्रोने वरच्या शेवटच्या स्टेशनला जायचं, फ्रोग्नरसेतेरेन की काय ते, आणि तिथून सरळ नॉर्डमार्काच्या जंगलात. माणसं त्या स्कीइंगच्या पट्ट्या घेऊन मेट्रोत चढतात आणि कोणी वळून बघत नाही, आपल्याकडे फणस घेऊन बसमध्ये चढतात तसं. जंगलातल्या वाटेवर दिवे लावलेले, कारण हिवाळ्यात चार वाजताच काळोख. व्हिडिओत काही नाही, नुसती झाडं, पिवळा उजेड आणि बर्फावर पट्ट्यांचा सर्र सर्र आवाज आणि त्याचा श्वास. मी तीनदा बघितला. मला तो सोलंगचा पोरगाच आठवला. पेड़ों में.

आणि आज संध्याकाळी काय झालं, तर मी नेहमीसारखा निघालो आणि काजू संपतात तिथे वाटेवर काटेरी तार. लोखंडी खांब, ताजं सिमेंट, वर बोर्ड, प्रायव्हेट प्रॉपर्टी. बुधवारी काही नव्हतं! कोणी घेतलं, किती लाखाला घेतलं, मला माहीत नाही, फ्लॅट येणार की व्हिला तेही नाही. मी तारेखालून वाकून गेलो, परत येताना बोट फाटलं, ती ही पट्टी. जमीन त्याची, कागद त्याचे, बरं, मानलं. पण वाट? त्या वाटेने आमची आजी लाकडांची मोळी घेऊन उतरायची, सड्यावरची गुरं त्याच वाटेने यायची, वाट कोणी विकली? नॉर्वेत 1957 पासून कायदा आहे, शेत-अंगण सोडून मोकळ्या रानात कोणीही चालू शकतो, स्कीइंग करू शकतो, मालक कोण का असेना. आणि आपण? आपल्याला डोंगर कापला तरी चालतो, झोन बदलला तरी चालतो, कारण आपण त्या डोंगरावर गेलेलोच नसतो, आपण मनालीला असतो. एकशे बारा फोटो! ज्याचा पाय कधी रानाला लागला नाही त्याला तार दिसणार कुठून.

जरा जास्तच बोललो. मित्राचा काय दोष, त्याची मुलगी फोटोत खरंच खूप हसत होती. माझा मुलगा पण सोलंगला हसला होता, ओकून झाल्यावर. बर्फ सुंदर असतो, नाही असं नाही.

पण एक गोष्ट त्या टेबलावर सांगायची राहिली. आमच्याकडे पण स्कीइंग होतं. पोफळीचं झावळं गळून पडलं की बुडाशी ती रुंद, चामड्यासारखी विरी असते ना, कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, ती उचलून आणायची आणि सड्याखालच्या उतारावर, जिथे जानेवारीत वाळलेलं गवत आणि पातेरा पडून घसरगुंडी झालेली असते, तिथे विरीवर बसायचं आणि सुटायचं. ब्रेक नाही. खाली करवंदीची जाळी, तीच ब्रेक. हा ऑस्लोवाला भाचा सहा वर्षांचा असताना माझ्या पुढ्यात बसून त्या उतारावरून पहिल्यांदा खाली आला, जाळीत घुसला, कोपर सोलून रडला आणि रडतच म्हणाला, "मामा, आणखी एकदा." काल व्हिडिओच्या खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, मामा, आपला उतार आहे ना अजून?

मी आज टॉर्च घेऊन बघून आलो. आहे. तार त्याच्या खालच्या अंगाने गेलीय, उतार अजून मोकळा आहे.

एकशे बारा फोटोवाल्या मित्रा, वाचत असशील तर उद्या पाचला ये, मुलीला पण घेऊन ये. चपला नकोत, बूट घाला. विऱ्या दोन आहेत, एक कडेला जरा फाटलीय, ती मी घेतो.