आयसीपी-एमएसवर सॉल्व्हेंट ‘सरळ चालवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

वाळूज-चिकलठाण्याच्या क्यूसीवाल्या (माल तपासणाऱ्या लॅबच्या) पोरांच्या ग्रुपवर आयसीपी-एमएसबद्दल, म्हणजे सॅम्पलमधले धातू अगदी सूक्ष्म प्रमाणात मोजणाऱ्या मशीनबद्दल, एक मेसेज फिरतोय: “आयसीपी-एमएसवर ऑरगॅनिक सॉल्व्हेंट कितीपण टक्के सरळ चालवा, ऑक्सिजन लागत नाही, पॉवर वाढवली की झालं, कॅलिब्रेशन पाण्यातलंच चालतं, नंतर नायट्रिकने धुवा, वेस्टची बाटली एकच ठेवा.” माझ्या भाचीची पहिलीच नोकरी, तिला तिच्या सिनियरनेच हा पाठवला आणि ती विचारते, मामा असंच करू का? कामून पाठवता असलं काही?

आधी बाटलीचं बोलू, कारण बाकीच्यानं मशीन खराब होईल, ह्यानं माणूस जाईल. मशीनमधून बाहेर पडलेलं द्रव जमतं त्या ड्रेनच्या बाटलीत 2 टक्के नायट्रिक असतं ते फार तीव्र नाही, मान्य, पण त्याच बाटलीत डायजेशनचं (सॅम्पल विरघळवायला वापरलेलं) उरलेलं कडक अ‍ॅसिड पण लोक ओततात, आणि त्यावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नाहीतर अ‍ॅसिटोन पडलं की रिअ‍ॅक्शन तेव्हाच दिसेल असं नाही, कधी कधी बराच वेळ शांत राहून मग एकदम तापते, गॅस सुटतो, झाकण घट्ट असलं की बाटली फुटते आणि अ‍ॅसिड सरळ तोंडावर. त्यात आपल्याकडचा मे महिना. माझ्यावर विश्वास नका ठेवू, नायट्रिकची सेफ्टी डेटा शीट प्रत्येक लॅबमध्ये असते, तिचा सेक्शन 10 उघडा, कशासोबत ठेवायचं नाही ते तिथंच लिहिलेलं असतं. सॉल्व्हेंटची बाटली वेगळी, लेबल लावलेली, ह्यात चर्चा नाही.

पॉवर वाढवली तर प्लाझ्मा (सॅम्पलचे अणू सुटे करणारा आर्गॉन गॅसचा अतितप्त झोत) विझायचा वाचतो, पण सॉल्व्हेंटमधला कार्बन जळायला ऑक्सिजनच लागतो, आर्गॉनमध्ये तो कसा जळणार? कोनच्या (प्लाझ्मातून सॅम्पल आत घेणाऱ्या धातूच्या शंकूच्या) जेमतेम 1 मिमीच्या भोकावर काजळी बसते आणि सिग्नल पडत जातो. ऑक्सिजन आत सोडला की तो निकेलचे कोन खातो म्हणून प्लॅटिनमचे लावायचे, स्प्रे चेंबर (द्रवाचा फवारा होतो तो भाग) थंड ठेवायचा, पंपाची ट्यूब सॉल्व्हेंटला टिकणारी घ्यायची.

पाण्यातलं कॅलिब्रेशन, म्हणजे पाण्यात बनवलेल्या माहीत प्रमाणाच्या द्रावणांवर (स्टँडर्डवर) मशीन जुळवणं, तर नाहीच. कार्बनमुळं आर्सेनिक, सेलेनियमचा सिग्नल फुगतो, आणि आर्गॉन 40 अधिक कार्बन 12 म्हणजे वस्तुमान 52, बरोबर क्रोमियमच्या जागेवर. स्टँडर्ड त्याच सॉल्व्हेंटमध्ये बनवा, इंटर्नल स्टँडर्ड (सगळ्यात सारख्याच प्रमाणात टाकायचं वेगळं मूलद्रव्य) टाका, क्रोमियमला हेलियम मोड (हेलियम गॅसने असे जोडआयन अडवणारा) वापरा. यूएसपी 233 मध्ये (अमेरिकेचं औषध मानक) स्पाइक रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम टाकलेल्यापैकी किती परत मोजलं जातं ते, 70 ते 150 टक्के मागितलीय, ती तुमच्याच सॅम्पलमध्ये काढून बघा.

एक गोष्ट खरी आहे, पाण्यात 2-3 टक्के मेथॅनॉल किंवा आयपीए असलं तर ऑक्सिजनशिवाय भागतं, आर्सेनिकचा सिग्नल वाढावा म्हणून काही जण ते मुद्दाम टाकतात. पण मेसेजमध्ये ‘कितीपण टक्के’ लिहिलंय, आणि नवीन पोरं तेवढंच वाचून उद्या निव्वळ टोल्युइन लावतील.