इस्मेनीला भित्री ठरवण्याआधी

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’बद्दल एक मत सर्रास ऐकायला मिळतं: या शोकांतिकेत शूर काय ती एकटी अँटिगनी. बहीण इस्मेनी भित्री, वाग्दत्त वर हीमन प्रेमवेडा आणि त्याचा बाप, राजा क्रेऑन, निव्वळ खलनायक. इ.स.पू. 441च्या सुमाराचं हे नाटक नीट वाचलं, तर यातलं एकही विधान टिकत नाही.

इस्मेनी भित्री? भाऊ पॉलिनायसीसचं प्रेत पुरायला ती आधी नकार देते, हे खरं. राजा क्रेऑनचा हुकूमच तसा आहे: जो पुरेल त्याला दगडांनी ठेचून मारायचं. आईबाप गेलेले, दोन्ही भाऊ एकमेकांच्या हातून मेलेले, मागे उरल्या या दोघी. त्यातली एक मरायला निघाली, तर दुसरीनं तिला अडवायचंही नाही? आणि दोष देणारे नेमके इथेच वाचन थांबवतात. प्रेत पुरताना अँटिगनी पकडली जाते, इस्मेनीला क्रेऑनसमोर आणतात. ‘माझा यात हात नाही’ असं ती म्हणू शकत होती, आणि ते खरंही होतं. ती मात्र म्हणते, हिची हरकत नसेल तर मीही यात होते. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा ती मागून घेते. नुसत्या शब्दांनी माया करणारी माणसं मला नकोत, असं म्हणून अँटिगनी तिला झिडकारते. तरीही ती तिथून हलत नाही. स्वतःच्या मुलाच्या वाग्दत्त वधूला मारणार का, असं उलट क्रेऑनलाच विचारते. या धाडसाला ना कीर्ती मिळते, ना बहिणीची शाबासकी. मला तर ते म्हणूनच फार मोठं वाटतं.

हीमनचं म्हणाल, तर बापासमोर तो प्रेमाचा शब्दही काढत नाही. तो लोकांचं बोलणं मांडतो: तुमच्या धाकानं गप्प असलेलं शहर या मुलीसाठी हळहळतंय. आणि एका माणसाच्या मालकीचं शहर हे शहरच नव्हे, असं तो राजाला तोंडावर सांगतो. तो जीव देतो ते पुढे, क्रेऑननं दगडांऐवजी अँटिगनीला जिवंत कोंडलं त्या गुहेत, सगळे उपाय संपल्यावर.

अँटिगनी कधी डगमगलीच नाही, असंही वर सांगतात. मग जाताना ती लग्नावाचून मरावं लागतंय म्हणून आक्रोश करते, तो कुणाचा? मरणाचं दुःख पुरेपूर कळत असताना ती जाते. तिला दगडाची मूर्ती करणारे तिचं शौर्य कमीच करतात.

राहिला क्रेऑन. त्याचा अपराध भयंकर आहे, त्याची वकिली मी करणार नाही. पण शेवटचा जवळपास तिसरा हिस्सा अँटिगनी रंगमंचावर नसते आणि नाटक त्याच्याच मागे जातं, ते उगाच नाही. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस याच्या इशाऱ्यानंतर तो हट्ट सोडतो. आधी मुलीला सोडवा, असं शहरातल्या वृद्धांनी सांगूनही तो आधी प्रेत पुरायला जातो, आणि गुहेत पोहोचेपर्यंत तिनं गळफास घेतलेला असतो. मुलगा गेला, मग बायकोही. देवानं आपल्यावर घाव घातला, असंही तो म्हणतो, पण दोष सल्लागारांवर ढकलत नाही. हे माझंच पाप, दुसऱ्या कुणाचं नाही, असं तो सगळ्यांसमोर म्हणतो.