ज्येष्ठांच्या सेवेस निघालेल्या कार्यकर्त्यास

ज्येष्ठांसाठी समाजकार्य करावयाचे ठरवलेच असेल, तर पहिल्या गृहभेटीपूर्वी एवढे ध्यानात ठेवावे, की आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना मान असतो, मत नसते. म्हणून आजींना काय होते आहे, हे त्यांच्या मुलाला विचारावे. तो नसेल तर सुनेला, आणि तीही नसेल तर चहा घेऊन परतावे. आजी चुकून एकट्या सापडल्या आणि ‘मुलगा फार चांगला आहे हो’ एवढेच म्हणाल्या, तर ते अहवालात जसेच्या तसे उतरवावे. म्हणताना त्यांनी दाराकडे का पाहिले, यासाठी अहवालात रकाना नसतो.

कायद्याचा विषय काढूच नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 सालचा आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात अर्ज करून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलेले असून तो सांभाळत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्दही करून घेता येते. पण हे ऐकून आजींनी बक्षीसपत्रात खरोखरच तशी अट घालायला सांगितली तर? आईने पोटच्या पोराकडून लिहून घ्यावे, हे कोणत्या संस्कारात बसते? अट न घालता केलेली सही म्हणजेच वात्सल्य. साक्षीदार कमी पडत असल्यास आपण उभे राहावे.

पैशांची अडचण निघालीच, तर श्रावणबाळ योजनेकडे बोट दाखवावे. 65 वर्षांवरील निराधारांना दरमहा 1,500 रुपये देणाऱ्या या योजनेला शासनाने कावड वाहणाऱ्या पुत्राचेच नाव दिले आहे, त्यामुळे ज्यांना तसा पुत्र लाभला नाही, त्यांना निदान हयातीचा दाखला देताना तरी दरवर्षी त्याची आठवण होते.

सत्तरीतल्या विधुर आजोबांनी सोबतीला कोणी असावे असे म्हटले, तर ‘साठी बुद्धी नाठी’ असा शेरा मारून त्यांना भजनी मंडळात घालावे. वृद्धाश्रमातील एखाद्या बाईंनी ‘इथे मी सुखात आहे’ असे सांगितले, तर त्यांचे ऐकू नये. त्यांच्या वतीने आपणच डोळे पुसावेत.

1 ऑक्टोबरला, म्हणजे ज्येष्ठ नागरिक दिनी, सत्कार मात्र चुकवू नये. शाल अंगावर घालावी, नारळ हातात ठेवावा. हातात नारळ मिळण्याचा अर्थ त्यांना निवृत्तीच्या दिवसापासून ठाऊक असतो.