स्टेपनी शे का?

आमच्या डिकीत स्टेपनी आहे, हे मला बारा वर्षं माहीत होतं. प्रत्यक्ष भेट मात्र कधी झाली नव्हती.

मेव्हणा पुण्याचा. त्याच्या नव्या गाडीला स्टेपनीच नाही. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारा सेन्सर आणि पंक्चर किट असेल, तर २०२० पासून स्टेपनीची सक्ती नाही, हे त्याने जळगाव ते पाळधी एवढ्यात तीनदा ऐकवलं. पुराव्याला किट मांडीवर. अमळनेरला लग्न, मे महिना, आणि आमच्या गाडीचा एसी नुसता आवाजापुरता.

धरणगाव सोडलं आणि समोरून केळीचा ट्रक आला. मी साइडपट्टीवर उतरलो. फस्स!

मेव्हणा किट घेऊन उडी मारूनच उतरला, चाकापाशी वाकला आणि गप्प झाला. किटातला चिकट द्रव रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं खिळ्याचं भोक बुजवतो. इथे टायरच्या गालालाच दोन बोटं चीर!

"मग? काढू स्टेपनी?" मी. (हे वाक्य मी गाडी घेतल्यापासून राखून ठेवलं होतं.)

पण स्टेपनी सगळ्यात खाली. तिच्यावर गव्हाचं पोतं, दोन कलिंगडं, आहेराची पातेली, कुरडयांची पिशवी आणि आईचा बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा. एकेक वस्तू बाभळीखाली मांडत गेलो. येणारी एसटी हळू झाली. भांडीवाला बसलाय असं वाटलं असावं. "अहो, पोतं सावलीत ठेवा," बायको गाडीतूनच म्हणाली. स्टेपनी हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून पडलं. १९०४ च्या सुमाराला तिथल्या भावांनी हे जादा चाक काढलं. त्यांना आमची डिकी दाखवायला हवी होती.

बकऱ्या घेऊन एक बाबा आले. "काय व्हयनं भाऊ? इस्टेपनी शे का?"

"शे!" मी ऐटीत.

बाबांनी अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "शे ना, पन हवा नही शे."

टायरवर ३२१३ असा आकडा होता. म्हणजे २०१३ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला जन्म. आमच्या धाकट्याहून थोरली, आणि एक किलोमीटरही न चाललेली.

तेवढ्यात मेव्हण्याला आठवलं की किटात छोटा कंप्रेसर आहे. लायटरच्या सॉकेटला वायर लावली. तो दहा मिनिटं घरघरला आणि स्टेपनी ३३ वर आली. चाक बदललं. अमळनेरपर्यंत आमचा एकच वाद, वाचवलं कुणी, किटाने की स्टेपनीने? मेव्हणा म्हणे हवा त्याची, मी म्हणे चाक माझं.

मांडवात सामान उतरवताना आई म्हणाली, "डबा?"

दोघेही मुकाट परत निघालो. बाभळीखाली बाबा तिथेच बसलेले, बकऱ्या रवंथ करत होत्या.

"डबा शे ना," बाबा म्हणाले. "पन बिबडा नही शेतस."