‘जीटीए’त गोष्टच नाही म्हणे!

नेरुळच्या ताईने परवा रात्री एक फॉरवर्ड पाठवला आणि लगेच फोन केला, "खरंय का रे हे? विकून टाकू का त्याचं प्लेस्टेशन?" भाचा 19 वर्षांचा आहे. ‘जीटीए फाइव्ह’ (‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या व्हिडिओ गेमचा पाचवा भाग) मध्ये माणूस मारला की पॉइंट मिळतात, पोलीस काही करत नाहीत, गोष्ट नावालाही नाही आणि खेळणारी मुलं गुन्हेगार होतात हे ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’, असं त्यात लिहिलंय. ‘मुलाचे मित्र तोडा, त्याचा फोन तपासा’ हा सल्लाही आहे. सोसायटीच्या ग्रुपवर हे फिरतंय, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देतोय.

पॉइंटचं म्हणाल तर 1997 च्या पहिल्या जीटीएमध्ये माणसं चिरडली की स्कोअर वाढायचा, तेवढं खरं. 2013 च्या फाइव्हमध्ये तसा स्कोअर नाही. मेलेल्याच्या खिशातले चार पैसे मिळतात आणि वर स्टार लागतात, म्हणजे पोलीस किती हात धुऊन मागे लागलेत त्याची खूण. पाच स्टार लागले की हेलिकॉप्टरसकट पोलीस मागे. त्यांच्या नजरेआड झाल्याशिवाय सुटका नाही.

गोष्ट नाही हे लिहिणाऱ्याने गेम उघडून तरी पाहिला होता का? मायकेल हा जुना दरोडेखोर. सरकारी एजंटशी सौदा करून, स्वतःच्या मरणाचं नाटक करून तो लॉस सँटॉस या गेममधल्या शहरात एका बंगल्यात लपलाय. बायको-मुलं त्याला विचारत नाहीत, तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. त्याचा जुना साथीदार ट्रेव्हर त्याला मेलेलाच समजून चाललाय. आणि कर्ज थकलेल्यांच्या गाड्या ओढून आणणाऱ्या फ्रँकलिनला आपल्या गुंडांच्या गल्लीतून बाहेर पडायचंय. खेळताना आपण हवं तेव्हा या तिघांपैकी एकाचा दुसरा होतो, आणि प्रत्येक जण आपापल्या आयुष्याच्या मध्यावर सापडतो. ज्वेलरीच्या दरोड्यासाठी स्वस्तातला माणूस घेतला तर तो ऐनवेळी गडबडतो आणि लुटीतला वाटा बुडू शकतो. शेवटी फ्रँकलिनला ठरवावं लागतं: ट्रेव्हरला मारायचं, मायकेलला मारायचं, की दोघांसाठी स्वतःचा जीव पणाला लावायचा. तो निर्णय घेताना माझा हात थांबला होता, कारण तोवर दोघंही आपले झालेले असतात.

‘शास्त्रज्ञ’ कोण, ते फॉरवर्ड सांगत नाही. मी सांगतो. सिमोन क्यून आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत प्रौढांच्या एका गटाला दोन महिने रोज हाच जीटीए फाइव्ह खेळायला लावला, दुसऱ्याला ‘सिम्स थ्री’ हा घरसंसार चालवायचा शांत गेम, तिसऱ्याला काहीच नाही. 2018 मध्ये निष्कर्ष आला: आक्रमकतेत लक्षणीय फरक नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही नाही. यावर आईने मुलाचे मित्र तोडायचे? पोरगा घरात बोलायचा बंद होईल, दुसरं काय?

एक मात्र मान्य करावं लागतं. फाइव्हमध्ये छळाचा एक प्रसंग आहे, हत्यार खेळणाऱ्यालाच निवडावं लागतं, आणि तो मला आजही बघवत नाही. युरोपात या गेमच्या खोक्यावर 18 आकडा असतो तो अशा हिंसेमुळे. आमच्या इमारतीत सहावीतली मुलं तो खेळतात, आणि त्या लांबलचक फॉरवर्डमध्ये वयाबद्दल एक शब्द नाही.